वडीलधाऱ्यांचे वजन महिन्याला एकदा काट्यावर



तोडलेला ऊस फडात पडून राहिला की दिवसागणिक वजनात घटतो, हे आपणांस सांगायला नको. पावतीवरचा वजनाचा आकडा आपण दोनदा वाचतो. पण घरातल्या सत्तरीच्या आई-वडिलांचे वजन किती, असे विचारले तर सहसा कुणाला सांगता येत नाही. शेती विभागाने हा विषय का काढावा, असे कुणी म्हणेल. गटागटांत फिरताना आम्ही पाहतो की म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले की घरातले एक कर्ते माणूस शेतातून उठते. आणि वजन घटणे ही त्याची आगाऊ सूचना असू शकते.

“वय झालं, आता वाळायचंच” असे म्हणून आपण सोडून देतो. ते बरोबर नाही. मुद्दाम खाणे कमी केलेले नसताना सहा महिने ते वर्षभरात वजन शेकडा ५ किंवा जास्त घटले, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. म्हणजे ६० किलोचे माणूस ५७ वर आले की थांबू नये.

उतारवयात घटते ती नुसती चरबी नव्हे, स्नायूही जातात. मांड्यांतला जोर गेला की खाटेवरून उठवत नाही, संडासला जाताना तोल जातो. पडल्यावर खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुण धरते, आणि आठ-दहा दिवस पडून राहिले तरी उरलेले स्नायू झपाट्याने उतरतात. मग अंघोळ, कपडे, संडास, जेवण सगळे दुसऱ्याच्या हाताने. कायमच्या शुश्रूषेची गरज बहुधा अशी लागते.

वजन घटण्याची नेहमीची कारणे अशी :

१) दात पडलेले किंवा कवळी सैल, भाकरी चावत नाही.
२) क्षयरोग, आटोक्यात नसलेला मधुमेह, थायरॉईड, कर्करोग.
३) औषधांनी भूक मरणे किंवा तोंडाची चव जाणे.
४) मनाची उदासी. जोडीदार गेल्यावर एकट्याने जेवण जात नाही.
५) विसराळूपणाचा आजार. त्यात वजन कधी कधी विसरण्याच्या आधीपासूनच घटू लागते.

यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. कवळी बदलता येते.

वजन वाढणेही तपासावे. आठवड्यात दोन किलो वाढ, पायावर सूज, अंगठ्याने दाबले की खळगा राहतो आणि आडवे पडल्यावर दम लागतो, तर ते अंगी लागलेले नव्हे. हृदय वा मूत्रपिंडाच्या दुखण्याने अंगात पाणी साठलेले असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळूहळू वाढलेला लठ्ठपणाही गुडघे धरतो, आणि जड माणूस अंथरुणाला खिळले तर कूस बदलायला दोघे लागतात. तथापि म्हातारपणी उपासतापास करून वजन उतरवू नये. स्नायू आधी जातील. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालावे.

खाण्याबद्दल थोडेसे. वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोला ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम. रोज घट्ट वरण, उसळ, दही, शेंगदाण्याचे कूट द्यावे. चहा-बिस्किटावर वेळ मारून नेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे. सोबत रोज थोडे चालणे आणि खुर्चीतून दहा वेळा उठबस, झेपेल तेवढी. आणि आम्हास महत्त्वाचे वाटते ते म्हणजे, गळीत हंगामात सगळे फडावर असले तरी एक वेळ तरी त्यांच्यासोबत जेवावे.

एवढे करूनही वेळ येतेच. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटा खासगी दवाखाना. परावलंबी वृद्धांना ठेवून घेणारे शुश्रूषा केंद्र वेगळे. रात्रंदिवस उठवायला माणूस लागते, जखमा होतात, घरचे थकून आजारी पडतात, अशा वेळी केंद्राचा विचार करण्यात कमीपणा नाही. मात्र तिथे तीन गोष्टी विचाराव्यात : दर महिन्याला वजन करून लिहिता का? दर दोन तासांनी कूस बदलता का? भरवायला माणूस आहे का? सन २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहेत. वर्षानुवर्षांच्या शुश्रूषेचा खर्च त्यात बसत नाही. तो घरालाच सोसावा लागतो. माहितीसाठी ज्येष्ठ नागरिकांचा मोफत दूरध्वनी क्रमांक १४५६७ आहे.

सबब विनंती अशी की, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, चपला काढून, त्याच काट्यावर वडीलधाऱ्यांचे वजन करावे. घरी काटा नसल्यास आरोग्य उपकेंद्रात होते. आकडा तारखेसह कॅलेंडरवर लिहावा. दवाखान्यात जाताना ते कॅलेंडर बरोबर न्यावे; “जरा वाळल्यासारखे वाटतात” यापेक्षा डॉक्टरांना त्याचा उपयोग जास्त.

ऊस विकास अधिकारी