लेखणीचा जमाखर्च

केवळ लेखणीवर संसार चालेल काय, हा प्रश्न होतकरू लेखकास पडतोच. त्याचें उत्तर शोधतांना इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप याचें उदाहरण बोधप्रद ठरेल.

ट्रॉलप टपालखात्यांत नोकर होता. त्याची पहिली कादंबरी १८४७ सालीं निघाली. परंतु तिनें त्याला एक पैही मिळवून दिली नाहीं. लेखनाची पहिली प्राप्ति झाली ती १८५५ च्या अखेरीस, आणि तीही अवघी ९ पौंड ८ शिलिंग ८ पेन्स! तथापि तो खचला नाहीं. पहाटे साडेपांचाला मेजाशीं बसावें, अर्धा तास आदल्या दिवसाचें लिखाण वाचावें आणि मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांस २५० शब्द लिहावे, असा त्याचा परिपाठ असे. कबूल केलेलें लिखाण मुदतीस पोंचतें करण्याचा त्यास मोठा अभिमान होता. पुढें १८६० पासून ‘कॉर्नहिल’ मासिकांत आलेल्या कादंबरीबद्दल त्यास १,००० पौंड मिळाले. तरी त्यानें नोकरी सोडली नाहीं. पेन्शनची उणीव भरून निघेल इतकी शिल्लक साठल्यावरच, १८६७ सालीं, त्यानें राजीनामा दिला.

१८८३ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, निघालेल्या आत्मचरित्रांत सुमारें ६९,००० पौंडांच्या कमाईचा पुस्तकवार हिशेब आहे. तो पाहून कित्येक रसिकांनीं नाकें मुरडलीं. परंतु त्या आंकड्यांमागें वीस वर्षांच्या पहाटा आहेत. मोबदला आधीं ठरवून घेतल्यानें सरस्वतीचा अपमान होत नाहीं. तो होतो दिलेला शब्द मोडल्यानें.