ताप उतरला म्हणजे धोका टळला, असे नव्हे



आपल्या एका सभासदांची लेक वसई तालुक्यातल्या चांदीपला दिली आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या मालकांना ताप भरला. अंग मोडून आले, डोळ्यांमागे ठणका लागला. चार दिवस ताप हटेना. पाचव्या दिवशी सकाळी अंग गार लागले आणि घरच्यांना हायसे वाटले. दुपारी मात्र पोटात कळा सुरू झाल्या, उलट्या थांबेनात, हातपाय थंडगार पडले. लेकीने धीर न सोडता रिक्षा बोलावली आणि त्यांना दवाखान्यात नेले. डेंग्यू निघाला. जावई वाचले. आमचे सभासद परवा गट ऑफिसात आले तेव्हा म्हणाले, "ताप गेला म्हणून आम्ही निर्धास्त झालो. खरी गाठ तिथंच होती बघा." त्यांच्या या वाक्यासाठी हा लेख.

डेंग्यूचा विषाणू एडिस जातीच्या डासाच्या चाव्यातून अंगात शिरतो. बहुतेकांना आठवड्याभरात बरे वाटते. काहींचा आजार मात्र तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, नेमका ताप उतरताना उलटतो. रक्ताच्या बारीक नळ्या झिरपू लागतात. आपल्या पाइपलाईनला जागोजाग चिरा पडल्या तर मोटर चालू असूनही शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. इथेही तसेच होते. रक्तातले पाणी छातीत-पोटात उतरते, उरलेले रक्त दाट होते, रक्तदाब पडतो आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना रक्त पुरेनासे होते. त्यातच रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी घटल्या की रक्तस्रावाचीही भीती असते. आपण सगळे प्लेटलेटचा आकडा विचारत बसतो, पण माणूस दगावतो तो बहुधा या गळतीने. हा नाजूक काळ एक-दोन दिवसांचाच असतो. तेवढा सांभाळला तर माणूस हाती लागतो.

एकदा डेंग्यू झाला म्हणजे सुटलो, असेही नाही. या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेला की त्याच्यापासून पुढे संरक्षण मिळते, बाकीच्या तिघांपासून नाही. उलट दुसऱ्या खेपेला वेगळा प्रकार आला तर अंगातली जुनी प्रतिकारद्रव्येच त्याला पेशीत शिरायला वाट करून देतात आणि आजार जोर धरतो. म्हणून पूर्वी डेंग्यू झालेल्याने जास्त जपावे. लहान मुले, गरोदर बाया, म्हातारी माणसे आणि मधुमेहाचे रोगी यांनीही जपावे. सिनेदिग्दर्शक यश चोप्रा २१ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईत डेंग्यूने गेले, तेव्हा ते ८० वर्षांचे होते. त्यांना पैशाचा किंवा डॉक्टरांचा काही तोटा नव्हता.

हा डास शहरातलाच, असेही कोणी समजू नये. आपल्या ऊसपट्ट्यातल्या बार्शीला १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली, ती याच डासाने पसरवली होती.

मग करायचे काय? तापासाठी डॉक्टर सांगतील तेवढे पॅरासिटामॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा अंगदुखीची कसलीही गोळी मनाने घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. पेज, ताक, शहाळे, मीठ-साखरेचे पाणी देत राहावे. पपईच्या पानाच्या रसावर विसंबून दवाखाना लांबवू नये. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, काळी शौचास, लघवी कमी होणे, गार चिकट अंग, धाप, ग्लानी किंवा तगमग, यांतले एक जरी दिसले तरी रात्र काढू नये, तडक इस्पितळ गाठावे. तिथे मोजून सलाईन देतात. "आणखी दोन बाटल्या लावा" असा आग्रह आपण धरू नये. गळती थांबली की उतरलेले पाणी रक्तात परत येते आणि तेव्हा जादा सलाईन फुप्फुसांना बाधते. वेळेवर नीट उपचार मिळाले तर डेंग्यूने शंभरात एकही दगावत नाही, इतके हे प्रमाण कमी आहे.

पावसाळा सरता सरता डेंग्यूचा जोर असतो आणि त्याच सुमारास आपला गळीत हंगाम तोंडावर येतो. तोडणीच्या टोळ्या उतरतात, कोप्यांपुढे पाण्याची पिंपे भरून ठेवली जातात. हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेलाही महिनोन् महिने तग धरतात. तेव्हा आठवड्यातून एक दिवस रांजण, हौद, पिंपे नुसती ओतून न देता आतून घासून कोरडी करावीत, झाकून ठेवावीत, जुने टायर पालथे घालावेत.

आणि घरात कोणाचा ताप उतरला, तर त्या दिवशी त्याला फडावर पाठवू नका. दोन दिवस नजरेसमोर ठेवा. ऊस दोन दिवस थांबेल, माणूस थांबणार नाही.