नाताळची लोकर, जानेवारीची बचत

वाराणसीत दिवाळी सरली की थंडी जाणवू लागते आणि सुया-लोकर बाहेर येते. दुर्गाघाट, ब्रह्माघाटाकडच्या आपल्या मराठी घरांतही कुणी स्वेटर विणते, कुणी नाताळासाठी क्रोशाच्या चांदण्या नि टोप्या करते. या छंदातून कमाई होत असेल, तर आधी हिशेब मांडा.

समजा, एका टोपीला ८० रुपयांची लोकर आणि ४ तास लागले. ती २०० रुपयांना विकल्यास १२० रुपये उरतात. म्हणजे तासाला फक्त ३० रुपये मजुरी. ती परवडत नसेल, तर ऑर्डर घेतानाच भाव वाढवून सांगा आणि लोकरीपुरती रक्कम आगाऊ घ्या.

लोकर उधारीवर घेतली, तर दुकानदार सांगेल तो भाव द्यावा लागतो. त्यापेक्षा जानेवारीत ९ महिन्यांची आवर्ती ठेव, म्हणजे रिकरिंग खाते उघडा. अनेक बँकांत ही मुदत मिळते. दरमहा ५०० रुपये भरल्यास ऑक्टोबरमध्ये ४,५०० रुपये आणि वर व्याज हाती येईल. नाताळची लोकर रोखीने घेता येईल.

विक्रीचे पैसे स्वतःच्या नावावरच्या बचत खात्यातच जमा करा. ते घरखर्चात मिसळले, की आपण किती कमावले हे कळतच नाही.