साप हातातून निसटला तर?

पक्षी, मासे, ससे यांच्या विक्रीवर घर चालविणारे आमचे अनेक बांधव आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांच्या दुकानात एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. ते लव्हबर्डचा भाव विचारत नाही, परदेशी साप मिळेल का असे विचारते. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथॉन आणि अमेरिकेतला कॉर्न स्नेक ही दोन नावे तर पोरासोरांच्याही तोंडी आहेत. दोन्ही साप बिनविषारी आणि स्वभावाने शांत. त्यामुळे दुकानदाराला वाटते, यात अवघड ते काय? अवघड काय आहे ते आम्ही एका दुकानात स्वतः पाहिले, म्हणून हा लेख.

आम्ही त्या दुकानात बसलो होतो. कामावरच्या मुलाने तीन फुटी बॉल पायथॉन मानेजवळ धरून गिऱ्हाइकाला फोटोसाठी दाखविला. खालचे सारे अंग लोंबकळत होते. तेवढ्यात मागे माशांच्या टाकीचे झाकण पडले, मुलगा दचकला आणि साप छातीच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर आदळला. मालकाने त्याला उचलून पेटीत टाकले आणि आम्हाला म्हणाले, ''काही होत नाही भाई, साप आहे तो. रबरासारखं अंग असतं त्याचं.'' दुसऱ्या दिवशी साप विकला गेला. पाचव्या दिवशी गिऱ्हाईक परत आले. सापाला पालथे होता येत नव्हते. क्ष-किरण तपासणीत बरगड्या आणि पाठीचा मणका दुखावल्याचे दिसले. मालकांनी पैसे परत केले, उपचाराचा खर्चही सोसला. पुढे ते आम्हाला म्हणाले, ''पैशाचं काही नाही. पण त्यानं विचारलं, पडला होता का? तेव्हा मला खाली बघावं लागलं.''

अंग रबराचे नाही

सापाचे शरीर लवचिक असते हे खरे. पण त्या लवचिक अंगात दोनशेहून अधिक मणके असतात आणि धडाच्या बहुतेक प्रत्येक मणक्याला बरगड्यांची जोडी असते. या बरगड्या छातीच्या हाडाला जोडलेल्या नसतात, त्यांची टोके मोकळी असतात. फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड हे सारे त्या अरुंद नळीत लांबट होऊन बसलेले. कठीण फरशीवर पडल्यास बरगडी मोडू शकते, मणका सरकू शकतो, आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि कातडीवर मात्र ओरखडाही दिसत नाही. साप ओरडत नाही, लंगडत नाही. त्यामुळे ''काही झाले नाही'' हा निर्वाळा आपण देतो, तो डोळ्यांनी पाहून नव्हे तर आपल्या सोयीने देतो.

हाताळण्याची रीत

साप उचलण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. हाताला उंदराचा किंवा कोंबडीचा वास असेल तर साप हातालाच खाद्य समजतो. नंतरही हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. लहान मुलांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी.

वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नये. शिकारी पक्षी तसाच येतो. बाजूने, सावकाश, अंगाच्या मध्यभागाखाली हात सरकवावा आणि दुसऱ्या हाताने मागच्या भागाला आधार द्यावा. मान आवळू नये, शेपटीने उचलू नये, ओढाताण करू नये. साप पुढे सरकला की हातापुढे हात ठेवत जावे. पाच-सहा फुटांहून मोठ्या सापाला दोन माणसे हवीत. गळ्यात घालून फोटो काढण्याचा हट्ट गिऱ्हाइकाने केला तरी नम्रपणे नकार द्यावा.

खाऊ घातल्यावर निदान दोन दिवस साप हाती घेऊ नये, नाही तर तो खाल्लेले ओकून टाकतो. कात टाकण्यापूर्वी त्याचे डोळे दुधाळ होतात. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि तो चटकन बिथरतो, तेव्हाही त्याला राहू द्यावे.

आणि सर्वात मोठी गोष्ट उंचीची. काउंटरच्या काचेवर, शिडीवर, वरच्या फळीपाशी साप हाताळूच नये. जमिनीवर सतरंजी किंवा गादी टाकून, बसून दाखवावा. वीतभर उंचीवरून पडला तर बहुधा निभावते, छातीच्या उंचीवरून पडला तर निभावेलच असे नाही.

पडलाच तर काय करावे

पहिली गोष्ट, झडप घालून उचलू नये. दार बंद करावे, माणसे मागे सारावीत. साप कसा सरकतो, जीभ बाहेर काढतो का, अंगाचा एखादा भाग मागे ओढला जातो का, ते पाहावे. मग पुठ्ठा किंवा जाड कापड हलकेच अंगाखाली सरकवून, सगळे अंग सपाट राहील अशा बेताने पेटीत ठेवावा. वाकडा दिसणारा भाग सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. पेटीतल्या फांद्या काढाव्यात, तळाला साधा कागद घालावा म्हणजे रक्ताचा डाग लगेच दिसेल. ऊब नेहमीचीच ठेवावी. खाद्य देऊ नये, आणि माणसाची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये.

तोंडातून किंवा मलद्वारातून रक्त, उघड्या तोंडाने श्वास, अंगाला गाठ किंवा कोन, मागचा भाग ढिला पडणे, पालथे केल्यावर सरळ होता न येणे, यांपैकी एकही खूण दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. खूण दिसली नाही तरी उंचावरून पडलेला साप एकदा दाखविणे बरे. प्रत्येक पशुवैद्य साप पाहतोच असे नाही, म्हणून असा डॉक्टर कोण आहे याची चौकशी माल भरण्यापूर्वीच करून ठेवावी.

पडताना सापाने चावा घेतला तर हात हिसडू नये. त्याचे दात आत वळलेले असतात, हिसडल्याने आपली कातडी फाटते आणि त्याचे दात मोडतात. त्याने सोडेपर्यंत थांबावे, न सोडल्यास डोक्यावर थंड पाणी घालावे, मग जखम साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

कारागीर बांधवांसाठी

सुतार, वेल्डर आणि काचकाम करणाऱ्या आमच्या बांधवांकडे या पेट्यांची कामे येतात. झाकण वरून उघडण्यापेक्षा समोरून सरकणारी काच ठेवावी आणि तिला कुलूप असावे. जाळीची व पत्र्याची टोके घासून बोथट करावीत. साप नाक घासतो आणि जखमी होतो. आत चढण्याची फांदी बसवायची तर ती घट्ट आणि कमी उंचीवर बसवावी. उष्णता देणारी गादी तापमान-नियंत्रकाशिवाय लावू नये, सापाचे पोट भाजते आणि त्याला ते वेळेवर कळत नाही.

आधी कागद, मग माल

नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ हे आपले देशी साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ते पाळणे वा विकणे गुन्हा आहे. पहिल्या परिशिष्टातील प्राण्याबाबत तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. मांडूळ घरात ठेवले की धन मिळते, लाखोंचा सौदा होतो, असे सांगणारे दलाल आजही फिरतात. त्यांच्या नादी लागलेल्याच्या पदरी खटला पडतो. असा साप कोणी दुकानात आणला तर हात न लावता वनविभागाला कळवावे.

परदेशी सापांचेही नियम आहेत. बॉल पायथॉन आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या यादीत आहे. कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची नोंदणी परिवेश पोर्टलवर करावी लागते. शिवाय दुकानालाही २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांत दडवलेले असेच साप पकडले गेले. स्वस्तात मिळणारा, कागद नसलेला साप कोठून येतो याचा अंदाज यावरून यावा.

शेवटची गोष्ट वहीची. प्रत्येक सापामागे एक पान असावे. कधी आला, कधी खाल्ले, कात कधी टाकली, आणि पडला असेल तर कधी व किती उंचीवरून. विकताना ते पान गिऱ्हाइकासमोर उघडे ठेवावे. बॉल पायथॉन वीस-तीस वर्षे जगतो. तेवढी वर्षे तो कोणाच्या तरी घरात राहणार आहे आणि तो कोणाकडून घेतला हे त्या घराला आठवणार आहे. मालातली खोट सांगून विकणाऱ्याचे एखादे गिऱ्हाईक जाईल, पण विचारल्यावर त्याला खाली बघावे लागणार नाही.