बोर्डोचे दुसरे मिश्रण

द्राक्षबागायतदारांच्या घरी ‘बोर्डो मिश्रण’ हा शब्द मुलांनाही ठाऊक असतो. मोरचूद व चुना यांचे हे मिश्रण केवडा रोगावर फवारतात. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बोर्डो भागात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये ते जगापुढे मांडले. त्याच बोर्डोचे दुसरे मिश्रण म्हणजे तेथील तांबडी वाइन. ती सहसा एका जातीच्या द्राक्षांची नसते. मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्याँ व मेर्लो या जातींच्या वाइन वेगवेगळ्या तयार करून मग एकत्र करतात. हा खटाटोप कशासाठी?

प्रथम जमीन पाहू. गारोन व दोर्दोन्य या नद्या एकत्र येऊन जिरोंदची खाडी बनते. खाडीच्या डाव्या तीरावर नदीने आणलेले गोटे व वाळू आहे. तेथे पाण्याचा निचरा चटकन होतो, जमीनही लवकर तापते. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला ती मानवते. दोर्दोन्यच्या उजव्या तीराकडे चिकणमाती अधिक. ती थंड व ओल धरणारी असते. तेथे लवकर पिकणारी मेर्लो लावतात.

आता हवामान. मेर्लोचे डोळे लवकर फुटतात, म्हणून एप्रिलमध्ये पाणी गोठवणारी थंडी पडली की तिचे कोवळे कोंब करपतात. १९९१ व २०१७ मध्ये अशा थंडीने बोर्डोचे मोठे नुकसान झाले. कॅबर्ने उशिरा फुटते, पण काढणीच्या वेळी येणारा पाऊस तिला गाठतो; तोवर मेर्लोची काढणी उरकलेली असते. आपल्याकडे बाजरीत तूर पेरणारा शेतकरी असाच विचार करतो: एक हुकले तर दुसऱ्याने तारावे.

चवीचेही कारण आहे. काळे द्राक्ष सोलून पाहा. गर फिकट असतो, रंग सालीत. कॅबर्नेचे मणी लहान व जाड सालीचे, म्हणून तिची वाइन गडद व तुरट होते. मेर्लोची वाइन मऊ असते. किण्व रसातील साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. साखर जवळजवळ संपली की वाइन गोड लागत नाही. तिलाच ‘ड्राय’ म्हणतात. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून १ टक्का अल्कोहोल मिळते, म्हणजे २२१ ग्रॅमपासून १३ टक्के.

हवामान तापत चालल्याने हे गणित बिघडू लागले आहे. मेर्लो फार लवकर पिकते, साखर वाढते आणि आम्लता घटते. म्हणून २०२१ मध्ये फ्रान्सने बोर्डोसाठी सहा नव्या जातींना परवानगी दिली. त्यांत पोर्तुगालची तूरिगा नासिओनाल ही तांबडी जातही आहे. मात्र नव्या जाती बागेच्या ५ टक्के क्षेत्रापर्यंत व मिश्रणात १० टक्क्यांपर्यंतच चालतात. साखर लिटरमागे २५५ ग्रॅम झाली तर अल्कोहोल किती होईल, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. बोर्डोच्या शेतकऱ्याला नवे मिश्रण का शोधावे लागते, हे त्या आकड्यावरून त्यांना कळेल.