काल्गुर्ली मतदारसंघ (ऑस्ट्रेलिया)

काल्गुर्ली हा ऑस्ट्रेलियन संसदेच्या प्रतिनिधिगृहाचा वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यातील एक माजी मतदारसंघ आहे. १९०१ ते २०१० या काळात तो अस्तित्वात होता. १८९३ मध्ये सोने सापडल्यानंतर वसलेल्या काल्गुर्ली शहरावरून त्याचे नाव पडले. लोकवस्ती अत्यंत विरळ असल्याने अखेरच्या काळात तो उत्तरेकडील किंबर्लीपासून दक्षिण किनाऱ्यावरील एस्परन्सपर्यंत पसरला होता. सुमारे २३ लाख चौ. किमी, म्हणजे राज्याच्या जवळजवळ नऊ-दशांश प्रदेशाचा प्रतिनिधी मात्र एकच असे.

या मतदारसंघाचे मजूर पक्षाचे सदस्य ह्यू महॉन हे मूळचे आयरिश. कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅक्स्विनी यांचा तुरुंगातील उपोषणात मृत्यू झाल्यावर महॉन यांनी मेलबर्नच्या सभेत ब्रिटिश साम्राज्यावर जळजळीत टीका केली. पंतप्रधान बिली ह्यूज यांच्या ठरावानुसार नोव्हेंबर १९२० मध्ये सभागृहाने त्यांना बडतर्फ केले. डिसेंबरमधील पोटनिवडणूक महॉन यांनी पुन्हा लढवली, पण सत्ताधारी नॅशनलिस्ट पक्षाचे एडवर्ड फॉली विजयी झाले. पोटनिवडणुकीत सरकारने विरोधकांची जागा जिंकण्याचा असा प्रसंग त्यानंतर थेट २०२३ मध्ये, ॲस्टन मतदारसंघात आला. ऑस्ट्रेलियाच्या संघीय संसदेतून बडतर्फ झालेले महॉन हे एकमेव सदस्य आहेत. सदस्याला बडतर्फ करण्याचा सभागृहांचा अधिकार १९८७ च्या कायद्याने संपुष्टात आला.

२०१० मध्ये हा मतदारसंघ रद्द होऊन त्याचा उत्तरेकडील प्रदेश प्रामुख्याने नव्या ड्युरॅक मतदारसंघात, तर काल्गुर्ली शहर ओ'कॉनर मतदारसंघात गेले.