आकाशवाणी आणि मराठी भावगीत : एका ओहोटीची कारणमीमांसा

पाश्चात्त्य देशांत रॉक संगीत मुख्य प्रवाहातील नभोवाणीवरून मागे का पडले, याची चर्चा बरीच झाली आहे. मराठी समाजाला त्याहून जवळची घटना म्हणजे भावगीताची ओहोटी होय. 'लोकांची अभिरुची बदलली' असे तिचे कारण सर्रास सांगितले जाते. ते अपुरे आहे. श्रोता दुरावण्यापूर्वी भावगीताची कार्यशाळा बंद पडली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

भावगीताचा उगम शोधू गेल्यास किन्हीराजापासून फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३०च्या दशकात तिची ध्वनिमुद्रिका महाराष्ट्रभर पोहोचली. आरंभीच्या भावगीतांत तिची गणना होते. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. दोन-तीन कडव्यांचा आटोपशीर घाट भावगीतात रुजण्यास ही मर्यादाही कारणीभूत होती. पुढे गजानन वाटवे यांनी गणेशोत्सवाच्या मंडपांतून काव्यगायन लोकप्रिय केले.

या प्रकाराला स्थैर्य दिले ते मात्र आकाशवाणीने. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. हा किस्सा नेहमी उपहासाने सांगितला जातो. त्याची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. रिकाम्या झालेल्या वेळेत वाजवण्यासाठी केंद्रांना स्वतःची गाणी निर्माण करावी लागली. त्यासाठी सुगम संगीत विभाग उभे राहिले. पुणे केंद्रावर सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांनी गीत लिहावे, सुधीर फडक्यांनी चाल बांधावी आणि आठवड्याच्या आत ते प्रसारित व्हावे, असा क्रम वर्षभर चालून ५६ गीते झाली. या गीतांची विक्री किती होईल, हा प्रश्न केंद्राने विचारला नव्हता. मुंबई केंद्रावर यशवंत देव यांच्यासारखे संगीतकार कार्यरत होते. 'भावसरगम'सारख्या कार्यक्रमासाठी नव्या कविता मागवल्या जात, त्यांना चाली लागत. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे आणि अरुण दाते यांचे 'शुक्रतारा' हे याच वातावरणाचे फळ.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली व चित्रपटगीत सन्मानाने परतले. १९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर जाहिराती येऊ लागल्या. आता गाणे निर्माण करण्यापेक्षा तयार गाणे वाजवणे अधिक लाभाचे ठरले. २००१ नंतर आलेल्या खाजगी एफएम वाहिन्यांचा तर पायाच जाहिरातींचा. त्यांना निवेदक हवा होता, पदरी कवी व संगीतकार बाळगण्याचे प्रयोजन नव्हते.

जुनी भावगीते मात्र टिकली. ध्वनिफितींचे संच, रंगमंचावरील कार्यक्रम, दूरचित्रवाणीवरील स्पर्धा यांतून ती आजही गायली जातात. अमेरिकेत 'क्लासिक रॉक' वाहिन्यांनी जुने रॉक जपले. त्या चौकटीत नव्याला जागा उरली नाही. येथेही 'जुनी मराठी गाणी' हे शीर्षक गौरवाचे वाटते, पण ते एक प्रकारचे कुंपणच आहे. संदीप खरे व सलील कुलकर्णी यांचा २००३ पासूनचा 'आयुष्यावर बोलू काही' हा याला अपवाद म्हणता येईल. तथापि त्यांचा श्रोतृवर्ग मुख्यतः रंगमंचाने घडवला.

आज मालेगाव-मेहकर परिसरातील एखादा तरुण नव्या कवितेला चाल लावतो, भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करतो आणि यूट्यूबवर ठेवतो. त्याला श्रोते मिळतातही. परंतु पुढच्या महिन्यासाठी नवे गीत मागणारा, चाल पुन्हा बांधून आणायला सांगणारा आणि मानधनाच्या कागदावर सही घेणारा कार्यक्रम अधिकारी त्याच्या वाट्याला येत नाही.